ट्यूब बांधल्यानंतर परत जोडून घ्यायच्या की सरळ आयव्हीएफ करायचं?

शर्वरी_३४

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज लिहायचं धाडस करतेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं वय ३४. दुसऱ्या सिझरच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं, तेव्हा २५ ची होते. दोन मुली आहेत. पुढे तो संसार टिकला नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आता दुसरं लग्न झालंय आणि माणूस खरंच चांगला मिळालाय. ह्यांना आधीचं मूल नाही. माझ्या मुलींवर जीव आहे त्यांचा, "दोघी आहेत की, अजून काय पाहिजे" असं म्हणतात आणि मनापासून म्हणतात, पण आता मलाच वाटायला लागलंय की आमचं दोघांचं एक बाळ असावं. मुलींशी पण बोललोय, मोठी तर नावं शोधत बसलीये.

प्रश्न असा आहे की दोन डॉक्टरांना दाखवलं आणि दोघांचं म्हणणं अगदी उलट निघालं. एक म्हणाले ट्यूब जोडायचं ऑपरेशन आता कोणी करत नाही, सरळ आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, करा, वेळ घालवू नका. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या तुझं वय लहान आहे, रिकॅनलायझेशन करून घे, एकदा जोडलं की दर महिन्याला चान्स मिळतो, इंजेक्शनं नकोत काही नकोत. दोघंही इतक्या खात्रीने बोलले की मी घरी येऊन आणखीच गोंधळले.

मला कळत नाहीये की ठरवायचं कशावरून. दोन सिझर झालेलं पोट परत उघडायचं ह्याची भीती वाटते. आणि जोडल्यानंतर गर्भ नळीतच राहतो असं ऐकलंय, ते कितपत खरं आहे? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, यशस्वी झालं असेल तरी आणि नसेल झालं तरी.

माधवी_ज

शर्वरी, मी जोडून घेतल्यात. माझ्या ट्यूबवर दुर्बिणीतून रिंगा टाकल्या होत्या, जोडून घेतलं तेव्हा मी ३२ ची होते. आज माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तू विचारलंस म्हणून सगळं सांगते.

ऑपरेशन सिझरच्याच जुन्या चिरेतून केलं, चीर सिझरपेक्षा बरीच लहान होती. पूर्ण भूल देतात, दोन अडीच तास लागले. पहिले दोन दिवस दुखलं पण सिझरइतकं नाही, कारण गर्भाशयाला हात लावलेला नसतो आणि रात्री उठून बाळाला घ्यायचं नसतं, झोप मिळते. घरातली हलकी कामं आठवड्यात सुरू केली, जड उचलायला मात्र महिना दीड महिना सक्त मनाई होती आणि ती मी पाळली. हल्ली बरेच ठिकाणी सगळंच दुर्बिणीतून करतात, पण माझ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की ज्याचा हात ज्या पद्धतीत बसलाय त्यानं त्याच पद्धतीनं करावं. मला ते पटलं. दुर्बीण की चीर ह्यापेक्षा करणारा माणूस हे ऑपरेशन नेहमी करतो का, शेवटचं कधी केलं, हे विचारणं जास्त महत्त्वाचं आहे. आणि ते तोंडावर विचार, संकोच करू नकोस. चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

दोन पाळ्या जाऊ दिल्या आणि मग प्रयत्न सुरू केले. लगेच नाही झालं. मधले काही महिने फार जड गेले, दर पाळीला रडायचे, वाटायचं नळ्या परत बंद झाल्या असतील. वर्षाच्या आत दिवस राहिले. पाळी चुकल्याबरोबर रक्ताची तपासणी आणि मग लवकर सोनोग्राफी, कारण गर्भ कुठे आहे ते बघायला लागतं. गर्भ पिशवीतच आहे असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा कुठे श्वास घेतला.

माझं चांगलं झालं म्हणून तू पण हेच कर असं मी म्हणणार नाही, प्रत्येकीचं वेगळं असतं. पण "हे ऑपरेशन आता कोणी करत नाही" हे खरं नाही. करणारे कमी झालेत एवढंच.

डॉ_अस्मिता

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणालाही न तपासता "हे कर" असं सांगता येणार नाही, पण निर्णय कशावर उभा राहतो ते सांगते, म्हणजे डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळेल.

शर्वरी, तुझे दोन्ही डॉक्टर उलट बोलले कारण दोघांकडेही अजून पुरेशी माहिती नव्हती असं मला वाटतं. तुझ्या पोस्टमध्ये दोन गोष्टी कुठेच नाहीत. ट्यूब नेमक्या कशा बांधल्या होत्या, आणि तुझ्या मिस्टरांचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट. ह्या दोन गोष्टींशिवाय दोघांपैकी कोणाचाच सल्ला धरून चालू नकोस.

पहिली गोष्ट आधी. गर्भनलिका साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. गर्भाशयाकडचा भाग अगदी अरुंद, आतली वाट मिलिमीटरच्या आसपास, मग मधला रुंद भाग जिथे बीज आणि शुक्राणू एकत्र येतात, आणि शेवटी झालरीसारखं टोक जे ओव्हरीतून सुटलेलं बीज उचलून घेतं. बांधताना ह्यातला किती भाग गेला आणि कुठला गेला ह्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. क्लिप लावली असेल तर जेमतेम अर्धा सेंटीमीटर खराब होतो, जोडायला सगळ्यात सोपं. रिंगेत दोन ते तीन सेंटीमीटर जातात. सिझरच्या वेळी बहुतेक ठिकाणी पॉमेरॉय पद्धतीनं करतात, नळीचा वेढा उचलून बांधायचा आणि वरचा तुकडा कापून टाकायचा, त्यातही बहुतेक वेळा जोडण्याजोगी नळी शिल्लक राहते. विजेनं जाळून बंद केली असेल तर नुकसान दिसतं त्यापेक्षा जास्त असतं. आणि झालरीचं टोकच काढलं असेल किंवा दोन्ही नळ्या पूर्ण काढल्या असतील तर जोडायला काही उरत नाही. जोडून झाल्यावर नळी निदान चार सेंटीमीटर तरी असावी असं आम्ही बघतो, त्याखाली गेली की दिवस राहण्याची शक्यता उतरते.

म्हणून त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोध, आणि जिथे ऑपरेशन झालं तिथून ऑपरेशनची नोट मागून घे. तुकडा तपासायला पाठवला असेल तर तो रिपोर्ट पण.

ऑपरेशनमध्ये काय करतात ते थोडक्यात सांगते, कारण "जोडणे" म्हटलं की लोकांना वाटतं गाठ सोडली की झालं. तसं नसतं. बंद झालेली दोन्ही टोकं थोडी थोडी कापत जातात, निरोगी भाग आणि उघडी वाट दिसेपर्यंत. मग मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्यानं, बहुतेक ८-० नंबरच्या, आधी स्नायूचा थर आणि मग बाहेरचं आवरण शिवतात. शेवटी गर्भाशयातून निळं औषध सोडून बघतात की ते झालरीतून बाहेर पडतंय का. पडलं म्हणजे वाट मोकळी आहे. वाट मोकळी असणं म्हणजे नळी पहिल्यासारखी काम करेलच असं मात्र नाही, आतल्या सूक्ष्म केसांची हालचाल पण चांगली लागते.

यशाचं विचारशील तर २०१७ साली जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला, त्यात जोडल्यानंतर दिवस राहण्याचं प्रमाण ४२ ते ६९ टक्के होतं आणि नळीत गर्भ राहण्याचं ४ ते ८ टक्के. सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे बाईचं वय. पस्तिशीच्या आतल्या बायकांचे आकडे ह्याच्या वरच्या टोकाला असतात, चाळिशीनंतर झपाट्याने खाली येतात. आणि एक लक्षात ठेव, कोणी टक्के सांगितले की विचारायचं, दिवस राहिल्याचे की बाळ हातात आल्याचे? माझ्या वयाच्या बायकांचे की सगळ्यांचे? ह्या दोन प्रश्नांनी आकडा बराच बदलतो.

वैभव_के

एका नवऱ्याच्या बाजूने लिहितो. डॉक्टर मॅडमनी वीर्य तपासणीचं सांगितलंय ते कृपया कोणी हलक्यात घेऊ नका.

आमचीही केस अशीच, बायकोचं आधी कुटुंब नियोजन झालेलं आणि आमचं लग्न नंतरचं. ट्यूब जोडायचं जवळपास पक्कं झालं होतं, तारीख घ्यायची बाकी होती, तेव्हा त्या सर्जननी माझा रिपोर्ट मागितला. मला तेव्हा जरा विचित्रच वाटलं कारण मला कसलाच त्रास नव्हता. रिपोर्टमध्ये संख्या फारच कमी आली, दोन तीन महिन्यांनी परत केली तरी तेच. त्यांनी स्पष्ट सांगितलं की नळ्या कितीही छान जोडल्या तरी ह्या रिपोर्टवर नैसर्गिकरीत्या राहणं अवघड आहे, बाईच्या पोटावर विनाकारण ऑपरेशन होईल. मग आम्ही आयव्हीएफमधलंच इक्सी केलं, ज्यात एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. आज मुलगी आहे आम्हाला.

पुरुषाची तपासणी म्हणजे एक कप आणि अर्धा तास. बाईची म्हणजे भूल, टाके, आठवडेच्या आठवडे. तर आधी आपली करून घ्या हो. ह्यात कमीपणा काहीच नाही.

रेवती_म

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मला जोडायचंच होतं, आयव्हीएफ नकोच होतं, पण माझं वय तेव्हा ४० पूर्ण होत आलं होतं. सर्जन म्हणाले जोडू शकतो, नळी चांगली आहे, पण जोडल्यावर वाट बघायची म्हणजे वर्ष दीड वर्ष धरायचं, आणि तुमच्याकडे नळीपेक्षा वेळ कमी आहे. हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं पण ते बरोबर होतं. वर्षभर थांबून नाही झालं तर आयव्हीएफ ४१-४२ ला करायला लागलं असतं, आणि त्या वयात आयव्हीएफचंही यश खूप कमी होतं.

आयव्हीएफ सोपं आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रोज इंजेक्शन, साधारण दहा बारा दिवस, पोट फुगतं, मूड जातो, सारखी सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजं काढतात, मग वाट बघा किती भ्रूण तयार होतात. माझे अगदी थोडे झाले. पहिलं रुजलं नाही. नंतरचं रुजलं. मला एकच मूल हवं होतं आणि पुढे परत कुटुंब नियोजनाची भानगड नको होती, हा पण आयव्हीएफचा एक फायदा आहे, नळ्या बंदच राहतात.

शर्वरी, तू ३४ ची आहेस म्हणजे तुझ्याकडे दोन्ही वाटा आहेत. पण ठरवण्यात वर्ष घालवू नकोस ग. हे मी कळकळीने सांगतेय.

नंदा_प

मला मधेच विचारायचंय, माफ करा. माझा मुलगा गेला, आजाराने. त्याच्यानंतर आता घरात आम्ही दोघंच. माझं ऑपरेशन झालं तेव्हा कागदावर दोन्ही ट्यूब काढल्या असं लिहिलंय. वय ३६. वर वाचलं की मग जोडायला काही उरत नाही. म्हणजे माझं आता काहीच होऊ शकत नाही का?

डॉ_अस्मिता

नंदा, वाचून फार वाईट वाटलं. अशा वेळी शब्द तोकडे पडतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, होऊ शकतं. जोडणं शक्य नाही, पण मूल होणं शक्य आहे. आयव्हीएफ मुळात नळ्या बंद असलेल्या बायकांसाठीच काढलेलं तंत्र आहे. १९७८ साली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, लुईझ ब्राऊन, तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या म्हणूनच ते करावं लागलं होतं. आयव्हीएफमध्ये बीज थेट ओव्हरीतून घेतात आणि भ्रूण थेट गर्भाशयात ठेवतात, नळीचा त्यात काही संबंधच येत नाही. ओव्हरी आणि गर्भाशय आहेत ना, मग रस्ता आहे. ३६ म्हणजे फार थांबू नकोस, एएमएचची तपासणी (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), ओव्हरीतल्या बीजपिशव्या मोजायची सोनोग्राफी आणि मिस्टरांचा रिपोर्ट, एवढं घेऊन आयव्हीएफवाल्या डॉक्टरांना भेट. आणि मनाची तयारी झाल्याशिवाय कोणाच्या दबावाने सुरू करू नकोस. मूल गेल्यानंतर लगेच दुसऱ्यासाठी धावायला लावणारे खूप लोक भेटतात. कधी करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा.

माधवी_ज

नंदाताई, मेसेज केलाय तुम्हाला. वाटलं तर बोला, नाही वाटलं तरी चालेल.

शर्वरी_३४

सगळ्यांचे खूप आभार, आणि नंदाताई, काय बोलू कळत नाहीये, तुमच्यासाठी मनापासून प्रार्थना करतेय.

जुनं कार्ड सापडलं. त्यावर लिहिलंय मॉडिफाईड पॉमेरॉय, दोन्ही बाजू. बाकी काही चिकटलेलं वगैरे लिहिलेलं नाही. एएमएच २.१ आला. ह्यांचा रिपोर्ट पण केला, वैभवदादांचं वाचून हे स्वतःच म्हणाले की आधी माझा करू. संख्या ४८ दशलक्ष आणि हालचाल ५५ टक्के. लॅबवाले म्हणाले नॉर्मल आहे.

आता डॉक्टर, ह्याच्यावरून काय समजायचं? आणि अजून एक, मनातलं सांगते, सारखं वाटत राहतं की २५ व्या वर्षी इतकी घाई का केली. तेव्हा सगळे म्हणाले दोन झाल्या, करून टाक, आणि मी हो म्हटलं. आता हे सगळे खर्च आणि त्रास बघून स्वतःचाच राग येतो.

डॉ_अस्मिता

आधी त्या रागाचं. अमेरिकेत क्रेस्ट नावाची एक मोठी पाहणी झाली होती, हजारो बायकांना १४ वर्षं विचारत राहिले. तिशीपर्यंत ऑपरेशन केलेल्यांपैकी सुमारे २० टक्के बायकांनी नंतर पश्चात्ताप होतोय असं सांगितलं, तिशीनंतर केलेल्यांमध्ये हेच ६ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे पंचविशीत हो म्हटलेल्या आणि पुढे आयुष्य बदललेल्या बायका जगभर आहेत. तेव्हाच्या परिस्थितीत तू जे ठरवलंस ते तेव्हा योग्य होतं. पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

आता रिपोर्ट. मिस्टरांचा चांगला आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापाप्रमाणे मिलिलिटरला १६ दशलक्ष ही खालची मर्यादा धरतात, तुमचे त्याच्या बरेच वर आहेत. एएमएच तुझ्या वयाला ठीक आहे. एएमएच बीजांचा साठा सांगतो, बीजांचा दर्जा नाही, दर्जा वयावर ठरतो आणि ३४ हे वय वाईट नाही. पॉमेरॉय हेही चांगलं, फक्त किती तुकडा कापला ते कार्डावर कळत नाही. एचएसजी नावाचा एक्स-रे सांगतील कदाचित, पण त्यात गर्भाशयाकडचा तुकडाच दिसतो, पलीकडचा भाग नाही. खरं चित्र दुर्बीण घातल्यावरच कळतं.

म्हणून तुझ्या जागी मी सर्जनना विचारेन की आधी दुर्बिणीतून बघून, नळी जोडण्याजोगी असेल तरच पुढे जाल का. म्हणजे नळी फारच तोकडी निघाली किंवा दोन सिझरमुळे आत सगळं चिकटलेलं असलं तर तिथेच थांबता येतं, पोटावर मोठी चीर पडत नाही. ही गोष्ट संमतीपत्रावर सही करायच्या आधी बोलून घ्यायची. एक बाजू चांगली आणि दुसरी खराब असली तर एकच जोडणार का, हेही विचारून ठेव. एका चांगल्या नळीवरही दिवस राहतात.

तुझ्या माहितीवरून मला जोडण्याचा विचार वाजवी वाटतो. विशेषतः एकापेक्षा जास्त मुलं हवी असतील तर जोडणं जास्त उपयोगी, एकच हवं असेल तर दोन्ही वाटा जवळपास बरोबरीने. जोडल्यावर बहुतेकांना जे राहायचं ते वर्ष दीड वर्षात राहतं. म्हणून मी आधीच मुदत ठरवून घ्यायला सांगते, तुझ्या वयाला वर्षभर, तेवढ्यात नाही झालं तर एचएसजी आणि मग आयव्हीएफ. जोडून अपयश आलं तरी आयव्हीएफचा दरवाजा उघडाच असतो.

सुजाता_आर

नळीत गर्भ राहण्याबद्दल कोणी अनुभवाचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला झालं होतं. घाबरवायला नाही लिहीत, उलट वेळेत कळलं तर काय होतं ते सांगायला लिहितेय.

जोडून घेतल्यावर काही महिन्यांनी पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह, घरात आनंदीआनंद. मला आधीच बजावलं होतं की टेस्ट आली की त्याच आठवड्यात फोन करायचा, म्हणून केला. रक्तातली बीटा एचसीजी, म्हणजे गर्भारपणाच्या हार्मोनची तपासणी, दोन दिवसांच्या अंतराने केली, जशी वाढायला हवी तशी वाढेना. सोनोग्राफीत पिशवी रिकामी आणि उजव्या बाजूला काहीतरी. लवकर कळल्यामुळे नळी फुटली नव्हती, गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर निभावलं. नंतर आकडा शून्यावर येईपर्यंत रक्त तपासत राहिले, आणि तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत असं सांगितलं, फोलिक ॲसिडची गोळी पण तेवढ्या काळात बंद होती.

दुःख खूप झालं. लोकांना ते गर्भपातासारखं वाटत नाही, "नळीत होतं ना, मग काय" असं म्हणतात, पण आपल्यासाठी ते बाळच असतं. पुढे दिवस राहिले ते नीट राहिले. मुलगी झाली.

लक्षणं पाठ करून ठेव, घरात सगळ्यांना सांगून ठेव. एका बाजूला ओटीपोटात दुखणं, थोडं थोडं अंगावर जाणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी. ह्यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं.

डॉ_अस्मिता

सुजाता, फार मोलाचं लिहिलंत. कारण पण सांगते म्हणजे भीती थोडी कमी होईल. शुक्राणू अतिशय बारीक असतो, जोडावरची वाट जरा अरुंद झाली तरी तो पलीकडे जातो. भ्रूण त्याच्या मानाने खूप मोठा, शिवाय त्याला नळीच्या आतल्या केसांनी ढकलत गर्भाशयात आणायला चार पाच दिवस लागतात. जोडाजवळ व्रण असला की तो तिथे अडकू शकतो. सर्वसाधारण बायकांमध्ये हे शंभरात एक दोन गर्भारपणात होतं, जोडल्यानंतर त्याहून जास्त होतं. टाळता येत नाही पण लवकर पकडता येतं.

शर्वरी, तुझ्यासाठी एक वेगळी गोष्ट. तुझे दोन सिझर झालेत. त्यामुळे जोडून राहो किंवा आयव्हीएफने राहो, पहिल्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीत आहे एवढंच बघून भागत नाही, तो जुन्या सिझरच्या व्रणावर तर रुजलेला नाही ना हे पण बघायला सांगायचं, आणि पुढे वार कुठे आहे ते. हे कोणी आपणहून सांगेलच असं नाही म्हणून तूच आठवण कर. बाळंतपण बहुधा सिझरच होईल.

आणि फोलिक ॲसिड प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम.

वैभव_के

डॉक्टर, एक शंका, दुसऱ्यांसाठी पण उपयोगी पडेल. जोडल्यानंतर मूल झालं, आता पुढे नको, तर परत काय करायचं?

डॉ_अस्मिता

नळ्या मोकळ्या असतात, म्हणजे साधन वापरावंच लागेल. तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध, जे जमेल ते. सिझर होणार असेल तर त्याच वेळी परत नळ्या बंद करता येतात. आणि पुरुष नसबंदी आहेच, ती बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, पोट उघडावं लागत नाही आणि पूर्ण भूलही लागत नाही. फक्त ते कायमचं आहे असं समजूनच करायचं.

शर्वरी_३४

आज सर्जनची वेळ घेतली. वरचे सगळे प्रश्न वहीत उतरवून घेतलेत, हे पण येणार आहेत बरोबर. पहिलं तेच विचारणार की आधी दुर्बिणीतून बघून मगच पुढे जाल का, आणि तुम्ही असं ऑपरेशन शेवटचं कधी केलंत. वर्षभराची मुदत आमची आत्ताच ठरली, ह्यांनी कॅलेंडरवर लिहून टाकलीये.

रेवतीताई, वेळ नाही घालवणार. काय म्हणाले ते इथेच येऊन लिहिते.